आप्पांच्या नावाची डबी

आप्पा तिसऱ्या ग्लासाशी अडले.

"हे मीठ आहे," ते म्हणाले.

"औषध आहे," आई म्हणाली.

"मीठ घातलेलं औषध आहे."

"मग औषधच झालं की."

दुपारचे साडेचार वाजले होते. मिरजेच्या आमच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन लिटरचा जग होता. एकूण आठ ग्लास, दर पंधरा मिनिटांनी एक. आई हातात गजराचं घड्याळ धरून समोर बसली होती आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघणार होते आणि त्यासाठी आतडं धुऊन निघायला हवं होतं. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या नावाच्या डबीत, म्हणजे शौचाच्या नमुन्यात, रक्त सापडलं होतं.

"चौतीस वर्षं मी कालव्यात पाणी सोडलं," आप्पा म्हणाले. "एवढं पाणी एकदम सोडलं तर कालवा फुटतो."

"तेव्हा सोडायचं काम होतं. आता प्यायचं आहे."

"तू पिऊन बघ एक ग्लास."

आईने घड्याळ टेबलावर ठेवलं, ग्लास त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं ग्लासाभोवती नीट बसवली.

*

७. कुटुंबात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला आहे का? असल्यास नाते व निदानाच्या वेळचे वय लिहा. (थोडक्यात)

हा प्रश्न माझ्या फॉर्मवर आहे. अकरा वर्षांनी आता माझी पाळी आहे. उद्या सकाळी नऊला. फॉर्मवर उत्तरासाठी दीड इंच जागा ठेवली आहे.

मी सांगलीच्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. वीस वर्षं फॉर्म भरून एक सवय लागली आहे, आधी कच्चं, मग पक्कं. म्हणून पाठकोरे कागद घेऊन त्याच टेबलाशी बसले आहे. जगही तोच आहे, फक्त झाकण बदललं. आई समोर बसून मोजते आहे. माझा पहिला ग्लास झाला.

बाकीचे प्रश्न भरून झाले.

१. नाव: कांचन सुभाष आरगे. माहेरचं मालगावे.

३. वय: ४६.

४. तंबाखू / धूम्रपान: नाही.

६. यापूर्वी ही तपासणी झाली आहे का: नाही. सांगितलं होतं का: हो, चाळिसाव्या वर्षी करून घ्यायला. मग का झाली नाही: असं कुणी विचारलेलं नाही, पण मी लिहून ठेवते. दरवर्षी दहावीची परीक्षा होती.

आता सात.

*

आप्पा म्हणजे बळवंत दादू मालगावे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले कालवा निरीक्षक. त्यांचं काम सायकलवरून कालव्याच्या कडेने जायचं आणि पाणी कुठे मुरतंय ते शोधायचं. त्यांना ओल दिसायची. आमच्याकडे पाहुणे आले तरी ते मांजराकडे बघावं तसं भिंतीच्या तळाच्या ओलीकडे बघत बसायचे.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांच्या खात्यातल्या निवृत्त लोकांच्या मंडळाची सभा होती. तिथे एका डॉक्टरांचं भाषण झालं. पन्नाशीनंतर काही त्रास नसला तरी तपासून घ्यावं, असं ते म्हणाले. आतड्याच्या अस्तरावर आधी एक बारकासा मोड येतो. तो वर्षानुवर्षं गप्प असतो. गप्प असताना काढून टाकला तर पुढचं सगळं टळतं, बोलायला लागला की उशीर झालेला असतो. भाषणानंतर चहा झाला आणि सभासदांना एकेक डबी दिली. डबीच्या झाकणाला आतून एक काडी होती आणि बाहेरून चिकटपट्टीवर सभासदाचं नाव. बी. डी. मालगावे. बुधवारपर्यंत नमुना भरून आणून द्यायचा.

आप्पांनी घरी येऊन डबी टीव्हीवर ठेवली.

"माझं पोट म्हणजे घड्याळ," ते म्हणाले. "सकाळी सहा. चौतीस वर्षं. काही बघायची गरज नाही. पण मंडळाने दिलीय, आता रिकामी परत कशी द्यायची?" आणि आईला म्हणाले, "डबीचं बघ."

आमच्या घरात 'बघ' या शब्दाने पुष्कळ काम होत असे. लाइटबिलाचं बघ. गॅसचं बघ. कांचनच्या शाळेचं बघ. माझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आप्पा आईला म्हणाले होते, "तिचं जरा बघ." आईने नऊ वर्षं बघितलं.

तर आईने डबीचंही बघितलं. मंगळवारी डबी टीव्हीवर नव्हती. आप्पांनी विचारलं, "डबी?" आई म्हणाली, "दिली." आप्पांनी पेपरचं पान उलटलं.

कशी दिली, कधी भरली, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. पुढे सगळ्यांनी मला हा प्रश्न विचारला की वडिलांना नवल कसं वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. आमचं शौचालय मागच्या अंगणात आहे. आप्पा सहाला जाऊन यायचे आणि त्यानंतर आई बादली घेऊन जायची. आत काय राहिलं, काय नाही, हा विषय लग्नापासून तिच्याकडे होता. तिने काडीवर थोडंसं घेतलं असेल, असं आप्पांनी गृहीत धरलं. किंवा काहीच गृहीत धरलं नाही. पाणी येतं तेव्हा ते वरून कुठून येतं, याचा विचार शेवटच्या शेतातला माणूस करत नाही, असं तेच सांगायचे.

*

आठवड्याने मंडळाचे सेक्रेटरी स्वतः घरी आले. सत्तेचाळीस डब्यांपैकी दोन लाल निघाल्या होत्या. एक कुणा खोतांची आणि एक बी. डी. मालगावे.

त्यानंतरचे दिवस मला तारखेने आठवतात. सोमवारी निरोप आला. सोमवारीच आप्पांनी मला शाळेत फोन केला, जो ते कधी करत नसत, आणि म्हणाले, "तुझ्या आईला काही सांगू नकोस." आई त्यांच्या शेजारीच बसलेली होती. मंगळवारी मी रजा टाकली. बुधवारी शेजारच्या कवठेकरांची गाडी दारात आली आणि आम्ही डॉक्टर उमराणी मॅडमकडे गेलो. गुरुवारी आप्पांनी केस कापून घेतले, सायकलला तेल दिलं आणि ती कुणाला द्यायची ते सांगितलं. चार दिवसांत घरी इतके लोक येऊन गेले की आईला दोनदा साखर आणावी लागली.

आई वाळली होती. दवाखान्याचा जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबली, पुन्हा वरच्या पायरीवर थांबली. ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. ओठ फिके होते. येणाऱ्या बायका तिच्याकडे बघून म्हणायच्या, "काळजीने अर्धी झालीय बघा." कौतुकाने म्हणायच्या. मलाही तसंच वाटलं. नवऱ्याच्या पोटातलं रक्त बायकोच्या तोंडावरून जातं, यात आम्हाला कुणाला काही चुकीचं दिसलं नाही.

मी तेव्हा आईला रोज फोन करत असे. खोडते. रविवारी करत असे.

आईने तोपर्यंत कुणाला काही सांगितलं नव्हतं.

*

"पंधरा मिनिटं झाली," बाहेरच्या खोलीतून आप्पा म्हणतात. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. गजराचं घड्याळ बंद पडलं, म्हणून मनगटावरचं बघून सांगतात.

दुसरा ग्लास. मीठ आहे.

*

तपासणीच्या वेळी आप्पांनी झोपेचं इंजेक्शन नाकारलं. मॅडम म्हणाल्या, थोडं देते, त्रास कमी होईल. आप्पा म्हणाले, "पाहणी करताना निरीक्षक झोपत नाही."

आतलं मी पाहिलं नाही. सिस्टरनी नंतर सांगितलं. आप्पा डाव्या कुशीवर पडून पडद्यावर स्वतःचं आतडं बघत होते आणि मॅडमना सूचना देत होते. जरा मागे घ्या. हे वळण फार तीव्र आहे, इथे गाळ साचत असेल. अस्तर चांगलं आहे, कुणी केलंय? एकदा म्हणाले, "थांबा, तिथे काय आहे?" मॅडमनी थांबून बघितलं. तिथे काही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "काका, बुडबुडा आहे." आप्पा म्हणाले, "खात्री करून घेतलेली बरी."

अर्ध्या तासाने आम्ही तिघं मॅडमच्या खोलीत बसलो होतो. आप्पांच्या हातात चहा होता. मॅडम पस्तिशीच्या असतील. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "काका, तुमचं आतडं एकदम स्वच्छ आहे. मोड नाही, जखम नाही, साधी मूळव्याधही नाही."

"मी म्हणालोच होतो," आप्पा म्हणाले. "सकाळी सहा."

"मग ते रक्त?" मी विचारलं.

"कधी कधी चाचणी चुकते. आम्हाला असे रिपोर्ट मिळतात. आनंदाची गोष्ट आहे, घरी जा."

"हे लेखी द्याल का?" आप्पा म्हणाले. "मंडळात दाखवायला. खोत फार बोलतो."

मॅडम लिहायला लागल्या. मी पिशवी उचलली. आप्पा उठले. आई उठली नाही.

"मॅडम," आई म्हणाली, "एक विचारू?"

"विचारा ना काकू."

"ह्यांचं नाही तर डबीतलं रक्त कुणाचं?"

"तेच सांगितलं ना, चाचणी कधी कधी..."

"चाचणी चुकली नाही."

मॅडमचं पेन थांबलं. त्या आधी आईकडे आणि मग आप्पांकडे बघत राहिल्या.

"काका, नमुना तुम्हीच दिला होता ना?"

"हिला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"डबीचं बघ म्हणून."

"त्या कसं बघणार?"

"ते तिने बघायचं," आप्पा म्हणाले. त्यांना प्रश्न कळला नव्हता.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, डबी कुणी दिली?"

"मी."

"म्हणजे तुम्ही नेऊन दिली."

"नेऊन पण मीच दिली," आई म्हणाली.

आप्पांनी कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही, म्हणून पुन्हा उचलून ठेवला.

"तुझी?" ते म्हणाले.

"हे म्हणाले डबीचं बघ. मी बघितलं," आई मॅडमना म्हणाली. "मी सोळा सोमवार केले ह्यांच्या बढतीसाठी. बढती ह्यांची झाली. ह्यांना कावीळ झाली तेव्हा मी वर्षभर तेलकट सोडलं होतं. नावाने दिलं की पोचतं, असं मला वाटलं."

"मग मी काल दोन लिटर कशासाठी प्यायलो?" आप्पा म्हणाले.

आईने विचार केला. "माझ्यासाठी," ती म्हणाली. "एकदाच तर केलंत."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची टेबलामागून काढून आईजवळ आणली. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. मग हळू आवाजात एकेक विचारायला लागल्या आणि आई सांगायला लागली. एवढं सगळं ती एका वेळी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आप्पांच्या रिपोर्टवर अर्धवट राहिलेलं वाक्य तसंच टेबलावर पडून होतं.

*

आईचा फॉर्म मी भरला. त्याची प्रत माझ्याकडे आहे.

१. रुग्णाचे नाव: सौ. शालन बळवंत मालगावे.

३. वय: ६१.

८. शौचावाटे रक्त: होय.

९. शौचाच्या सवयीत बदल: होय. दिवसातून चार-पाच वेळा, तरी साफ वाटत नाही.

१०. वजनात घट: होय. किती ते माहीत नाही. दोन ब्लाउज आत घ्यायला दिले.

११. पहिले लक्षण केव्हा जाणवले: डिसेंबर.

१२. तेव्हा कोणता उपचार केला: काही नाही. मूळव्याध असेल असे वाटले. तिखट बंद केले.

*

तीन दिवसांनी आई दोन लिटर प्यायली. दर पंधरा मिनिटांनी एक, न बोलता. आप्पा घड्याळ धरून बसले होते. पाचव्या ग्लासाला त्यांनी विचारलं, "मीठ आहे ना?" आई म्हणाली, "आहे." आप्पांना बरं वाटलं.

तिने झोपेचं इंजेक्शन घेतलं. मॅडमनी आम्हाला आत बोलावून फोटो दाखवला. गुलाबी अस्तरावर एका बाजूला काहीतरी उगवलं होतं, कडा वर आलेल्या, मध्ये खड्डा. मला ते काय आहे ते सांगावं लागलं नाही. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, घातला, फोटो हातात घेतला आणि उजेडाकडे नेला. बराच वेळ त्यांनी काही सूचना केली नाही.

"किती मीटरवर?" मग त्यांनी विचारलं.

"सेंटिमीटर," मॅडम म्हणाल्या. "आत पंचवीस सेंटिमीटरवर."

आप्पांनी खिशातून डायरी काढली. निवृत्त झाल्यावरही ती त्यांच्या खिशात असायची. त्यांनी लिहिलं, डावी बाजू, २५ सेंमी. पुढच्या रकान्यात ते नेहमी एकच शब्द लिहायचे, गळती. तो लिहायला पेन टेकवलं आणि तसंच धरून राहिले. कागदावर निळा ठिपका मोठा होत गेला.

तुकडा तपासायला गेला. पाच दिवसांनी उत्तर आलं. कर्करोग.

ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. वीतभर आतडं काढून दोन टोकं जोडली. शेजारच्या दोन गाठींत पोचलं होतं, त्यामुळे औषध द्यावं लागेल, असं सांगितलं. आणखी वर्षभर थांबलो असतो तर काय झालं असतं, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "थांबला नाहीत ना." दर पंधरा दिवसांनी एक, असे बारा वेळा सलाइनमधून औषध.

त्या औषधाचं एक असतं. थंड काही हाताला लागलं की बोटांना वीज लागल्यासारखं होतं. आईला फ्रिज उघडता येईना. साधं नळाचं पाणी सोसेना. पहिल्याच आठवड्यात तिने दुधाचं पातेलं काढायला हात घातला आणि पातेलं सोडून दिलं. आप्पा धावत आले. दूध फरशीवर पसरून मोरीकडे निघालं होतं. आप्पांनी उतार बघितला.

"फडकं कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. आईने बोट दाखवलं.

त्यानंतर सहा महिने फ्रिजमधलं सगळं आप्पांनी काढून दिलं. काय कुठे आहे ते कळावं म्हणून त्यांनी दारावर आतल्या कप्प्यांचा नकाशा काढून लावला. भांडी कोमट पाण्याने घासली. अंगणात बादली घेऊन तेच जायला लागले, आईच्या नंतर, आणि येऊन डायरीत लिहायचे, रंग, किती वेळा. मॅडमना दर खेपेला वाचून दाखवायचे. मॅडम म्हणाल्या, असा रुग्णाचा नातेवाईक आम्हाला मिळत नाही. आप्पा म्हणाले, "नोंद नसली की खातं विचारत नाही."

आणि कधीतरी, तारीख मला आठवत नाही, आई सिलिंडर संपलाय म्हणाली तेव्हा आप्पा म्हणाले, "मी बघतो."

शेवटच्या खेपेला मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. "तू. चाळिशीला ये. आईला झालंय म्हणजे तुला लवकर बघायला हवं, त्रास असो वा नसो." मी हो म्हणाले. वर बघा, प्रश्न सहा.

आई बरी झाली. पाच वर्षं दर काही महिन्यांनी बघितलं, मग वर्षाने, मग मॅडम म्हणाल्या, आता भेटायलाच या. डबीची गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगितली जाते. आप्पा पाहुण्यांना सांगतात, आमची ही इतकी भोळी, माझ्या नावाने स्वतःचंच दिलं. पाहुणे हसतात. आई चहा आणते.

*

"काय लिहितेस एवढं?" आईने आत्ता विचारलं.

"तुझंच."

"वाच."

मी वाचलं. आई ऐकत होती. सोळा सोमवारांना तिने मान हलवली. दुधाच्या पातेल्याला म्हणाली, "तांब्या होता." मग मी संपवलं आणि कागद खाली ठेवले.

"एक चुकलंय," ती म्हणाली. "आणि एक अर्धं आहे."

"अर्धं कुठलं?"

"मी भोळी वगैरे. नाव कुणाचं आणि पोट कुणाचं, एवढं मला कळत होतं. सातवी पास आहे मी."

"मग मुद्दाम दिलीस?"

"डबी एकच होती. सभासदांना. मी कुठे सभासद?"

"मागून घ्यायची अजून एक."

"घेतली असती. माझं नाव घातलं असतं तिच्यावर." आईने जग हलवून बघितला, पावडर खाली बसली होती. "माझ्या नावावर रक्त निघालं असतं तर सगळे म्हणाले असते मूळव्याध असेल, उन्हाळा होऊ दे. ह्यांच्या नावावर निघालं. तिसऱ्या दिवशी गाडी दारात."

बाहेरच्या खोलीत पेपर वाजला. आप्पांना कमी ऐकू येतं.

"पण दुर्बीण त्यांना घातली," मी म्हणाले. "तुला नाही."

"म्हटलं, ह्यांचं आधी होऊ दे. ह्यांना नाही निघालं की विचारतील, मग कुणाचं. तुम्ही विचाराल, डॉक्टरबाई विचारतील. तर सगळे पिशव्या उचलून निघाले. मग मीच विचारलं."

"आणि चुकलंय काय?"

"ते वरती. कुणाला काही सांगितलं नव्हतं, ते."

"कुणाला सांगितलं होतंस?"

"तुला."

मी तिच्याकडे बघितलं.

"फेब्रुवारीत. रविवारीच. म्हटलं, कांचन, संडासला रक्त जातंय गं, आणि जिना चढवत नाही. तुमच्याकडे मुलांची कसली तिकिटं आली होती परीक्षेची. नावं चुकून आली होती, तू त्याच गडबडीत होतीस."

हॉल तिकिटं. अडतीस मुलांची आडनावं चुकली होती. ते मला आठवतं. त्या रविवारी मी घरीच यादी घेऊन बसले होते. फोन खांद्यात धरला होता.

"मी काय म्हणाले?"

"दहावी होऊ दे, मग बघू म्हणालीस." आई सहज म्हणाली. "बरोबरच होतं. परीक्षा होतीच की."

"आई."

"तुला दोष नाही गं. म्हणून तर डबी दिसल्यावर म्हटलं, आता हीच."

"पंधरा मिनिटं झाली," आप्पा बाहेरून म्हणाले.

आईने तिसरा ग्लास भरला, माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्याभोवती नीट बसवली. तिची बोटं अजून टोकाशी बधिर आहेत, तेवढं एक राहिलं आहे. ग्लास निसटू नये म्हणून ती दुसऱ्याची बोटंही दाबून बघते. मी तो एका दमात प्यायले.

मग कच्चं बाजूला ठेवलं आणि पक्कं लिहिलं.

७. होय. आई. एकसष्टाव्या वर्षी. निदानाच्या दोन महिने आधी तिने मला सांगितलं होतं.

जागा पुरली.